शिवणीत दबलेला बाण

दुपारी दोनला खाणीचा भोंगा झाला, की उकंडा खाटेवरून उठून उभा राहायचा. नोकरी सुटून अकरा वर्षं झाली होती, तरी पाय ऐकत नसत. भोंगा व्हायचा, मग थोडा वेळ सगळं गप्प, मग जमिनीच्या पोटातून धडधड यायची, मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून वाजायची, आणि उकंडा ओठांतल्या ओठांत मोजत राहायचा. आता खाणीत सुरुंगाचे बार मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शे-दोनशे भोकं एका दमात उडत. तरी तो मोजायचा. मग हात झटकून अंगणात फेऱ्या मारायचा. सून जया म्हणायची, बाबा, तुमच्या फेऱ्यांनी अंगणात गाडीवाट पडली.

त्या शनिवारी मात्र तो मोजता मोजता थांबला.

अंगणात चटईवर त्याची नात दीपा पालथी पडून काम करत होती. पुढ्यात जाड रजिस्टर, हातात पेन्सिल, बाजूला मोबाईल. दीपा वणीच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. नागपूरच्या एका मॅडमनी आठ मुलामुलींना हाताशी धरून एक काम चालवलं होतं. बुध ग्रहाच्या टोकाजवळचे, म्हणजे ध्रुवाजवळचे खड्डे शोधून त्यांची यादी करायची. यानानं काढलेले फोटो, त्यांची पानं. प्रत्येकाला एक पट्टा वाटून दिला होता. दीपाच्या वाट्याला चौऱ्याऐंशी पानं आली होती. प्रत्येक पानावर जो जो खड्डा दिसेल त्याला गोल करायचा, त्याची रुंदी मोजायची, आणि त्याच्या तळाचा किती भाग अंधारात आहे ते लिहायचं.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा उकंडाला हसू आलं होतं. सूर्याला इतका चिकटून बसलेला ग्रह, दिवसा शिसं वितळेल असं ऊन, आणि तिथल्या खड्ड्यांत बर्फ? दीपानं त्याला वाटी आणि टॉर्च घेऊन समजावलं होतं. बुध सरळ उभा फिरतो, कलत नाही. म्हणून त्याच्या टोकाशी सूर्य कधी डोक्यावर येतच नाही, कडेकडेनंच फिरतो. वाटीच्या कडेआड जो तळ आहे, तिथं ऊन कधी पोचलंच नाही. करोडो वर्षांत एकदाही नाही. उकंडा त्या वाटीत बराच वेळ पाहत राहिला होता. ज्याच्यावर कधीच ऊन पडलं नाही, अशी जागा त्याला ओळखीची वाटली होती. पण ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

यादी द्यायची मुदत रविवारी संध्याकाळी पाचची होती. आठांतून चौघांना मे महिन्यात पुण्याला पंधरा दिवसांच्या शिबिराला न्यायचं होतं. ज्यांची यादी पुरी आणि पडताळणीत खरी उतरेल ते चौघे. दीपानं आईची सुटकेस आत्ताच पुसून, ऊन दाखवून कपाटावर ठेवली होती. घरातून आजवर कोणी शिकण्यासाठी चंद्रपूरच्या पुढे गेलेलं नव्हतं. बाप राजदीप कोळशाचा ट्रक घेऊन कुठं कुठं जायचा, पण ते जाणं वेगळं.

तर उकंडा फेऱ्या मारता मारता दीपाच्या समोरच्या बाजूला आला, आणि उलट्या बाजूनं त्याची नजर पानावर पडली. करड्या रंगाची खडबडीत जमीन. तीत ठिकठिकाणी खोल, स्वच्छ दिसणारे खड्डे. त्यांतल्या एकाही खड्ड्याला गोल केलेला नव्हता. जवळ बारीक अक्षरांत लिहिलं होतं, टेकडी. पुन्हा टेकडी. पुन्हा टेकडी.

तो वळसा घालून दीपाच्या पाठीमागे गेला. इकडून पाहिलं तर खरंच टेकड्या. फुगून वर आलेल्या, भाकरीच्या पापुद्र्यासारख्या. तो पुन्हा समोर गेला. खड्डे.

खाणीत त्याचं निम्मं आयुष्य सकाळच्या तिरप्या उन्हात वरच्या कडेवर उभं राहून खाली पाहण्यात गेलं होतं. नवख्या माणसाला तिरप्या उन्हात ढिगारा खड्डा दिसतो आणि खड्डा ढिगारा. म्हणून उतरण्याआधी मान वर करून पाहायचं, सूर्य कुठं आहे. खड्ड्यातला अंधार सूर्याच्या बाजूच्या काठाखाली असतो. ढिगाऱ्याचा अंधार पलीकडे पडतो. एवढं एक समजलं की डोळा फसत नाही.

त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, की या फोटोत सूर्य कोण्या बाजूनं आहे.

दीपानं मान वर केली नाही. म्हणाली, पानाच्या कडेला बारीक बाण असतो, तो सूर्याचा. बाण वरून खाली येईल असं पान धरायचं, मॅडमनी सांगितलंय. पानाचे आकडे आडवे येवोत की उलटे, त्यांच्याकडे पाहायचं नाही.

"टोकावर वरखाली काही नसते ना, आबाजी. तिथून सगळीकडं दक्षिणच," ती म्हणाली आणि पुन्हा पानात बुडाली.

उकंडा तिथून हलला नाही. त्याला आठवलं.

पंधरा दिवसांपूर्वी दीपा पेपर द्यायला गेली होती. अंगणात तिची सुटी पानं डब्यांखाली दाबून ठेवलेली होती. वावटळ आली आणि पानं कुंपणापर्यंत उडाली. उकंडानं ती एक एक करून गोळा केली. तीस पानं दीपानं आधीच खुणा करून आत ठेवली होती; ही राहिलेली चोपन्न. आकडे पाहून त्यानं ती क्रमानं लावली. काही पानांवरचे आकडे आडवे होते, काहींवर चक्क खाली डोकं वर पाय. त्यानं ती सगळी फिरवली. आकडा डोळ्यासमोर जसा पाहिजे तसा येईपर्यंत फिरवली. मग दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन डाव्या कडेनं शिवून टाकली, जुन्या पुठ्ठ्याचं कव्हर लावलं, आणि कव्हरावर स्वतःच्या हातानं लिहिलं: कु. दीपा राजदीप, बुध ग्रह.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी विहारात विमलताईंच्या वर्गाला बसून तो अक्षरं शिकला होता. पहिल्याच दिवशी त्यानं पुस्तक उलटं धरलं होतं आणि मागच्या बाया पदरात हसल्या होत्या. तेव्हापासून हाती कागद आला, की तो आधी अक्षरं सुलट आहेत ना ते पाहायचा. एवढी एक गोष्ट त्याच्याकडून कधी चुकायची नाही.

दीपा परत आली तेव्हा रजिस्टर पाहून तिनं त्याच्या गळ्यात हात टाकला होता. आहेत त्या गठ्ठ्यातली पानं जशीच्या तशी शिवली असतील, असंच तिला वाटलं. आपण पानं फिरवली हे उकंडानं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

दीपा हात धुवायला मोरीकडे गेली तशी तो चटईवर वाकला. शिवण अंगठ्यानं ताणून उघडली. आत, दोऱ्याच्या पाठीमागे, ज्वारीच्या दाण्याएवढा बाण होता. दाभणाचं भोक त्याच्या मधोमध गेलं होतं. बाण खालून वर जात होता, उलटा.

दीपाचे पाय वाजले. त्यानं शिवण सोडून दिली.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तो सांगणारही होता. पण ती येऊन बसली आणि म्हणाली, फक्त सहा पानं राहिली, आबाजी. हे तिनं इतक्या आनंदानं सांगितलं, की त्याच्या तोंडातला शब्द परत गेला. एखाददुसरं पान असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. आपलेच डोळे आता धड नाहीत. सगळीच पानं काही फिरवली नव्हती. किती फिरवली, कोणती फिरवली, ते आठवत नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यानं अंगणात इतक्या फेऱ्या मारल्या, की जयानं विचारलं, पोटात दुखते का. ओवा देऊ का.

त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. सकाळी सातलाच तो रामलालच्या घराकडे निघाला.

रामलाल तांड्यावर राहायचा, चंद्रपूर रस्त्याच्या पलीकडे. खाणीत दोघं बावीस वर्षं एकाच टोळीत होते. मोठे दगड फोडायचे बार भरायचे, वात लावायची, आडोशाला पळायचं आणि मोजायचं. जेवढे बार भरले तेवढे आवाज आले पाहिजेत. एक जरी कमी आला, किंवा नुसता संशय आला, तरी अर्धा तास कोणी पुढं जायचं नाही. उकंडा मोजणाऱ्यांत होता. एकदा अकरा बार भरले होते. उकंडानं दहा ऐकले. बाकीचे म्हणाले, अकरा झाले. त्याला वाटलं, दोन आवाज एकात मिसळले असतील. आपलाच कान चुकला असेल. तो गप्प राहिला. रामलाल सब्बल, म्हणजे पहार, घेऊन सगळ्यांच्या पुढे गेला.

न उडालेला बार सब्बल लागताच उडाला. जीव वाचला. डावा डोळा गेला.

नंतर साहेबानं कागद केला, की अकराही बार व्यवस्थित उडाले, हा जुना राहून गेलेला असावा. त्यावर उकंडाचा अंगठा होता. कागदात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. त्याच वर्षी तो विमलताईंच्या वर्गात जाऊन बसला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला हौस आली.

रामलाल दारात बसून बकरीच्या पायातला काटा काढत होता. उकंडाला पाहून म्हणाला, आज सूर्य कोण्या बाजूनं उगवला म्हणायचा. उकंडा बसला, उठला, पुन्हा बसला. मग त्यानं पानांची सगळी हकीकत सांगितली. टेकड्या, खड्डे, दाभण, बाण.

रामलाल पोट धरून हसला. "उकिरड्यावर ठेवून नाव ठेवलेला मानूस तू, उकंड्या. तुह्या हातात चंद्र देला तरी त्याचा ढिगारा करशीन."

उकंडाला हसू आलं नाही. त्यानं विचारलं, की खड्डा आणि उंचवटा एका डोळ्यानं कसा कळतो.

"नाही कळत," रामलाल म्हणाला. "पायरी हाय का सावली, काठी टेकून पाहा लागते. अठरा-वीस वर्षं झाले, रोज टेकतो." मग त्यानं बकरीचा पाय सोडला आणि हात धोतराला पुसले. "पन तू इथं कायले आला बे? पोरीले सांगतलं का?"

"नाही अजून."

"काहून?"

"पंधरा दिवसाची मेहनत हाय तिची. खुश हाय ते."

"मेहनत तं गेलीच हाय. तिले माहीत नाही, एवढंच." रामलालनं बकरीच्या पाठीवर थाप मारून तिला हाकललं. "त्या दिवशी मले कोनी म्हनलं असतं ना, का बावा, अर्धा घंटा थांब, तं म्या शिव्या देल्या असत्या त्याले. आयमाय काढली असती. पन थांबलो असतो."

उकंडानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. उजवा डोळा सरळ त्याच्यावर होता. त्यात संशय नव्हता, काहीच नव्हतं. सहज बोलला होता. उकंडानं गुडघ्यांवर हात टेकले. तो उठला. चहा उकळून राह्यला, कुठं चालला, असं रामलाल मागून म्हणत राहिला. उकंडा रस्त्यावर आला तेव्हा कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती. ती सरेपर्यंत थांबणं त्याला जमेना. दोन ट्रकांच्या मधून, ड्रायव्हरच्या शिव्या खात, तो पलीकडे गेला.

घरी पोचला तेव्हा दहा वाजत आले होते. दीपा शेवटचं पान संपवून रजिस्टर मिटत होती. आता फक्त मोबाईलवर आकडे भरायचे, मग झालं, असं ती आईला सांगत होती. जया कढईत फोडणी टाकत होती.

उकंडा चटईसमोर खाली बसला. उभ्यानं हे सांगता येणार नव्हतं.

त्यानं रजिस्टर ओढून घेतलं, एक पान उघडलं, शिवण ताणली, आणि बाण दाखवला. पानं उडाली होती, आपण गोळा केली, आकडे सुलट यावेत म्हणून फिरवली, किती फिरवली ते आठवत नाही, असं सगळं एका दमात सांगितलं. मग पान तिच्यासमोर उलटं फिरवून धरलं.

दीपानं पाहिलं. तिनं दुसरं पान उघडलं, शिवण ताणली. तिसरं. पाचवं. काही बाण बरोबर होते, काही आडवे, काही उलटे. तिच्या खुणा मात्र सगळीकडे एकाच विश्वासानं काढलेल्या.

"कधी दिसलं तुमाले?" तिनं विचारलं.

"काल."

"काल कधी?"

"दुपारी. भोंगा झाला तवा."

दीपा घरात जाऊन ब्लेड घेऊन आली आणि कव्हरापासून दोरा कापत गेली. मेणाचा दोरा चिवट होता, एक एक टाका कापावा लागत होता. उकंडानं ते टाके ज्या बोटानं ओढून घेतले होते, ते बोट मुठीत धरून तो पाहत राहिला. जया दारात झारा घेऊन उभी होती. तिला पुरतं समजलं नव्हतं, पण गॅस तिनं बंद केला होता.

सगळी पानं सुटी झाली तेव्हा साडेदहा झाले होते. दीपानं पानं मोजली.

"एका पानाले दहा मिनिटं लागतात," ती म्हणाली. "चोपन्न पानं. सरळ होते तेही पुन्हा पाहा लागतीन, डोळाच फसला. नाही होत, आबाजी."

"मोजनं तुह्यं. फिरवनं मी करतो," उकंडा म्हणाला. "बाण पाहून देतो तुह्या हातात. तू फक्त पाह्य."

मग ते कामाला बसले. उकंडा पान उचलायचा, बाण शोधायचा, बाण वरून खाली येईल असं फिरवून तिच्यापुढं ठेवायचा. आकडे आडवे जायचे, उलटे जायचे, आणि दर वेळी त्याचा हात ते सुलट करायला आपोआप वळायचा. दर वेळी तो हात आवरायचा. दीपानं लिहिलेलं टेकडी टेकडी खोडून तिथं गोल यायला लागले. जुन्या खुणा खोडताना कागद फाटायचा, मग ती जीभ चावायची. जया जेवायला वाढून ठेवून गेली, भात तसाच वाळला. दोनला भोंगा झाला. मांडणीवरची ताटं वाजली. उकंडा उठला नाही आणि मोजलंही नाही; त्याच्या हातात पान होतं.

पण मन थाऱ्यावर नव्हतं. पान तिच्या हातात दिल्यावर ती मोजेपर्यंतची जी आठ-नऊ मिनिटं असत, त्यात त्याचे गुडघे हलत राहत. एका खड्ड्यात तिनं तळाशी शंभर लिहिलं, म्हणजे सगळा अंधार. त्यानं विचारलं, तिथं बर्फ असेल का. असेल, ती म्हणाली, कोणी पाहिला नाही, पण आतून परत येणाऱ्या रडारच्या लाटांवरून कळते की आहे. एवढंच ती त्याच्याशी दुपारभर बोलली.

पाचला दहा मिनिटं कमी असताना सदतीस पानं झाली होती. आधीची तीस धरून सदुसष्ट. सतरा राहिली. दीपा मोबाईल हातात घेऊन बसली. उकंडाला वाटलं, ती राहिलेली सतरा आहेत तशीच भरून टाकेल. कोणाला कळणार होतं? त्यातली काही बरोबरही असतील. तसं केलं असतं तरी तो तिला बोलू शकला नसता.

दीपानं सतरा रकाने रिकामे ठेवले. खाली लिहिलं, की पानं फिरल्यामुळे खुणा चुकल्या, सदतीस पुन्हा केली, सतरा करायची राहिली. कोणी फिरवली ते लिहिलं नाही. पाठवून दिल्यावर ती म्हणाली, "काल दुपारी सांगतलं असतं, तं सतराही झाले असते."

आवाज चढलेला नव्हता. हिशोब सांगावा तसं सांगितलं. उकंडानं मान हलवली.

मंगळवारी मॅडमचा फोन आला. दीपा बाहेर लिंबाखाली जाऊन बोलली. परत आल्यावर म्हणाली, सदुसष्ट पानं त्यांनी ठेवून घेतली. सतरा अमरावतीच्या एका मुलीला दिली. शिबिराचं विचारलं, तर पडताळणी झाल्यावर सांगते म्हणाल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. सुटकेस कपाटावर तशीच होती. तिनं ती खाली काढली नाही आणि झाकलीही नाही.

"आबाजी, आता बसा बरं एका जागी," ती म्हणाली. शनिवारनंतर पहिल्यांदा तिच्या आवाजात थोडं हसू होतं.

पण उकंडा बसला नाही. त्यानं टोपी घातली आणि चंद्रपूर रस्ता ओलांडला. या वेळी ट्रकांची रांग पूर्ण जाऊ दिली.

रामलाल बाजेवर आडवा होता. उकंडानं बसायच्या आधीच सांगितलं. अकरा भरले होते, मी दहा ऐकले. मला संशय होता. मी बोललो नाही. तू पुढं गेला. कागदावर माझा अंगठा आहे.

रामलाल उठून बसला. त्यानं बाजेखाली हात घालून काठी चाचपली, मिळाली, ती जमिनीवर टेकली, आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून समोरच्या गोठ्याकडे पाहत राहिला. गोठ्यात बकरी लंगडत होती. उकंडाला वाटलं, आता शिव्या येतील. त्यानं त्या यायची वाट पाहिली. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दहा," रामलाल म्हणाला.

"दहा."

रामलालनं काठीचं टोक मातीत फिरवलं. एक बारीकसा खड्डा झाला. मग तो तोंड न फिरवताच म्हणाला, "आज जाय तू."

उकंडा उठला. कुंपणापर्यंत गेला तेव्हा मागून आवाज आला.

"उद्या येजो."